आधी मी, मग गुलमोहर

आमच्या घरातून आधी कुणाला काढायचं, मला की गुलमोहराला, यावर एक अख्खा उन्हाळा खल चालला होता. हे सांगितलं की माझ्या मुली एकमेकींकडे बघतात आणि म्हणतात, आई रंगवून सांगते. आता रंगवून मी सांगतेच, त्यात काय लपवायचं? पण या गोष्टीला माझ्या रंगाची गरज नाही. ती जशी घडली तशी सांगितली तरी लोक खुर्चीवरून पडतात. खुर्च्यांचंही पुढे येईलच.

तेव्हाची सावेडी म्हणजे मुरमाचे रस्ते, बाभळी, मोकळे प्लॉट आणि मध्येच एखादा बंगला, वरात यायची वाट बघत एकट्याच उभ्या राहिलेल्या नवरदेवासारखा. नगरच्या बाजारपेठेतून आमच्याकडे यायला रिक्षावाले तोंड वाकडं करायचे. (आता अहिल्यानगर म्हणायचं असतं, मला माहीत आहे. पण माझी जीभ अजून जुन्याच स्टँडवर उतरते.) आमचं घर तीन खोल्यांचं, स्लॅबचं. मागे परसात पत्र्याची एक खोली, ती आत्याची. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिची आई लवकर गेली आणि धाकट्या भावाला तिनंच कडेवर वाढवलं. पुढे नवरा गेल्यावर ती सोनईहून एक पत्र्याची पेटी आणि एक सोऱ्या घेऊन आमच्याकडे आली आणि त्या दिवसापासून घराचा कारभार तिच्याकडे गेला. वडील तिला अक्का म्हणत, आई अक्काबाई, आम्ही पोरं आत्या. तिला स्वतःचं नाव असेल, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांना मोजायचं व्यसन होतं. कपातला चहा, खिडकीतून येणारं ऊन, माझी उंची, सगळं मोजून झालेलं असायचं. माझा भाऊ सुरेश जन्मला तेव्हा त्यांनी आंबा लावला. मी जन्मले तेव्हा ते कडुलिंबाचं रोप आणायला गेले आणि रोपवाटिकेतल्या माणसानं त्यांच्या हातात गुलमोहर दिला. आंबा शहाण्या मुलासारखा सावकाश आणि सरळ वाढला. गुलमोहर माझ्यासारखाच निघाला. पाचव्या वर्षी घराच्या वर, दहाव्या वर्षी सगळ्या गल्लीच्या वर, आणि दर वैशाखात असा फुलायचा की रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून उतरायचा. खाली पडलेल्या कळ्या फोडून आतल्या तंतूंच्या आम्ही कोंबड्या लढवायचो. वाळक्या शेंगा तलवारी म्हणून चालायच्या. वारा सुटला की त्या शेंगा आत्याच्या पत्र्यावर अशा वाजायच्या की पाव्हणे दचकून विचारायचे, गारा पडतायत का?

मी बारावीची परीक्षा देऊन घरी बसले त्या उन्हाळ्यात गुलमोहर वाकायला लागला. वाकडा तो आधीपासून होता, पण आता त्याचं वाकणं चालू झालं होतं. या दोन्हींतला फरक पहिल्यांदा आत्याच्या दारानं ओळखला. झाडाच्या मुळांनी चौकट तिरकी केली आणि ते दार लागेना. मग खोलीच्या उलट बाजूला, बुंध्यापासून दोन हातांवर, जमिनीला अर्धगोल भेग पडली. तिच्यात सुरेशचा हात मनगटापर्यंत जायचा. बुंध्याशी तपकिरी अळंब्या उगवल्या, चांगल्या थाळीएवढ्या. अण्णांनी खोडावर वर एक खिळा ठोकला, त्याला ओळंबा सोडला आणि खाली फरशीचा तुकडा ठेवून रोज सकाळी त्यावर पेन्सिलीनं खूण करायला लागले. आमच्या घरात मॅचचा स्कोअर विचारावा तसं विचारलं जाऊ लागलं.

"किती झालं?"

"कालपेक्षा अर्धं बोट."

अण्णांनी हमीदभाईंना बोलावलं. हमीदभाई म्हणजे शहरातली निम्मी झाडं ज्यांच्या दोरानं खाली आली असा माणूस. पातळ दाढी, कमरेला दोर. त्यांनी झाडाला एक प्रदक्षिणा घातली, करवतीच्या मुठीनं खोडावर टकटक केलं, कान लावला, भेगेत पाय घालून बघितला.

"साहेब, वाकडं झाड शंभर वर्षं उभं राहतं. त्याची भीती नाही," ते म्हणाले. "पण मागची माती उचलली ना, की ते झाड उभं नसतं. टेकलेलं असतं. वळवाची एक वावटळ आली की ही खोली गेली. पानं कमी आहेत तोवर उतरवून घ्या."

"फुलं आहेत की पण इतकी," आई म्हणाली.

"ताई, जायच्या आधी असं फुलतं कधी कधी."

पालिकेच्या माणसानंही येऊन बघितलं, धोकादायक असं लिहून सही-शिक्क्याचा कागद दिला. सगळं झालं. उरली आत्या.

आत्या परसात पोत्यावर बसून शेंगदाणे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरीच्या नावाचं झाड हाय ते. पोरगी नांदायला गेल्याबिगर त्याला लोखंड लावायचं न्हाई. आपल्यात कुनी लावलेलं न्हाई."

"अक्का, ते तुझ्या खोलीवर पडणार आहे!"

"पडू दे."

"तू त्या खोलीत झोपतेस!"

"मग? माझी खोली हाय. मी दुसरीकडं कशाला निजू?"

अण्णा धरणाच्या भिंतींशी हुज्जत घालणारे गृहस्थ, पण अक्कापुढे त्यांची उंची चार फूट व्हायची. त्यांनी तिला पुढच्या खोलीत झोपायला विनवलं, आईनं विनवलं, सुरेशनं तिची पेटी उचलून आत आणली, ती तिनं संध्याकाळी परत बाहेर नेली. आणि मग तिनंच तोड सुचवली, इतकी सरळ की कुणाला त्यात काही वावगं दिसेना. "पोरगी बी मोठी झाली, झाड बी मोठं झालं. पावसाच्या आत शैलीचं उरकून टाक. आज ती गेली, उंद्या झाड काढ. मी कुठं न्हाई म्हनते?"

म्हणजे घ्या! मला पुण्याला जायचं होतं. इंग्रजी घेऊन बी. ए. करते असं मी घरी सांगितलं होतं. खरं तर मला तिथल्या कॉलेजांमधल्या एकांकिका करायच्या होत्या, पण ते फक्त मला आणि आरशाला ठाऊक होतं. अण्णांनी मला तसा शब्द दिला होता. फॉर्म आणून कपाटात ठेवला होता. आणि आता एका झाडानं अर्धं अर्धं बोट वाकत तो फॉर्म खाली दाबत आणला होता. अण्णांना मला घालवायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांना त्यांची बहीण झाडाखाली चिरडली जायला नको होती. पण सतराव्या वर्षी एवढा समजूतदारपणा फार वेळ टिकत नाही. मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे सगळ्यांसमोर जेवले नाही.

नेवाशाकडचं एक स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, सोबत त्याची आई आणि मामा. मामा म्हणजे पांढरं शुभ्र धोतर, टोपी आणि सगळ्यांच्या वाटचं बोलायची तयारी. बघण्याचा कार्यक्रम आत बैठकीत करायचा असं अण्णांनी ठरवलं होतं. पण आत्यानं सकाळीच परसात सडा घालून गुलमोहराखाली सतरंजी अंथरली आणि तिच्याभोवती लोखंडी घडीच्या खुर्च्या मांडून टाकल्या. "असा फुलोरा कुनाच्या दारात हाय? बघू दे त्यान्ला."

आता गंमत अशी, की आदल्याच दिवशी अण्णांनी झाडाची उंची मोजून, ते पडलं तर कुठवर येईल याची चुन्यानं जमिनीवर रेघ मारून ठेवली होती. आत्याच्या सगळ्या खुर्च्या त्या रेघेच्या आत होत्या. पाव्हणे आले आणि सरळ जाऊन त्यांवर बसले. अण्णांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. हात जोडलेले, ओठांवर हसू आणि डोळे वर फांद्यांमध्ये.

"मामा, ऊन लागत असेल तुम्हाला. जरा इकडे सरकता?"

"ऊन कुठलं? गारेगार सावली हाय की."

"येईल ऊन. आत्ता येईल. सरका तुम्ही."

मामा सरकले. पाच मिनिटांनी अण्णांना मुलाच्या आईच्या डोक्यावर सुरवंट पडेलसं वाटलं. त्यांना हलवलं. मग मुलाची खुर्ची डुगडुगते म्हणून त्याला उठवलं आणि खुर्ची दहा हात लांब नेऊन ठेवली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा मामा न्हाणीच्या दाराशी, मुलाची आई धुण्याच्या दगडावर आणि मुलगा पुदिन्याच्या वाफ्यात, खुर्चीचे पाय चिखलात रुतलेले, असे बसले होते. आणि रेघेच्या बरोबर मध्ये, सगळ्या फुलोऱ्याखाली, रिकामी सतरंजी. मला असं हसू फुटलं की मी पदर तोंडात कोंबला आणि मान खाली घातली. खांदे हलायचे ते हललेच.

"पोरगी लाजरी हाय," मामा खूश होऊन म्हणाले.

आयुष्यात मला लाजरी म्हणणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी तिथल्या तिथं होकार दिला. "पोरगी पसंत. आन मानसं लई अगत्याची! आल्यापासून चार बार जागा बदलून दिली, पाव्हन्याला तरास नको म्हनून. असं घर भेटतं का आजकाल?" त्यांनी पंचांग काढलं. बारा दिवसांनी तिथी होती.

पाव्हणे गेल्यावर अण्णांनी ओळंबा बघितला आणि फरशीवर खूण केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शैला, शिक्षण काय, लग्नानंतरही होतं." मोजून बोलणारा माणूस जेव्हा मोघम बोलतो तेव्हा तो हरलेला असतो. मी जाऊन त्या गुलमोहराला एक लाथ मारली. तो हलला. मी जीव घेऊन पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरडया होत्या. लग्न ठरो की मोडो, उन्हाळ्यात कुरडया व्हायच्याच. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा आंबूस वास सगळ्या घरात भरलेला. आईनं चुलवणावर चीक शिजवून पातेलं बाहेर आणलं, तिच्या हातातली पळी चिकातून निघताना फुप्प असा आवाज करायची. परसातल्या बाजेवर जुनं धोतर पसरलं होतं. बाज आत्यानं अर्थातच झाडाखालून हलवू दिली नव्हती. आत्या सोऱ्या दाबत होती, मी गरम गोळे भरून देत होते आणि वर बघत होते. तिच्या हातची कुरडई म्हणजे चार वेढे, बरोबर चार, आणि शेवटचं टोक आत दडवलेलं. पुण्यात पुढे मी कितीतरी ठिकाणी कुरडया खाल्ल्या. सगळ्यांची टोकं उघडी.

मी उगाच विचारायचं म्हणून विचारलं, "आत्या, तुझ्याही नावाचं झाड होतं का गं?"

"हुतं की. लिंब. हिरीच्या वाटंला."

"मग काय झालं त्याचं?"

"काय व्हनार? मी चौदा वर्साची असंन. लगीन झालं, सकाळी गाडीत बसले. गाडी येशीपतुर बी गेली न्हाई तर कुऱ्हाडीचा आवाज आला."

"वाईट वाटलं असेल."

"वाईट कशाला? लई मान वाटला मला." तिनं एक वेढा घातला. "माझ्या बाला मोटंच्या कामाला लाकूड पायजेल हुतं, कवाचं पायजेल हुतं. पर मी घरात हाय तवर हात न्हाई लावला त्यानं. मी सासरी समद्यान्ला सांगायचे, माझ्यासाठी थांबला माझा बा." दुसरा वेढा. "तू घरात आसताना तुझं झाड पाडलं, म्हंजे तू ह्या घरची न्हाई आसं झालं. ते मी करू द्यायची न्हाई."

मी गोळा भरून दिला. तिनं सोऱ्या दाबला, पण हात तसाच राहिला. चीक एकाच जागी पडत राहिला, गांडुळांच्या ढिगासारखा.

"आता म्हातारपनी येगळंच मनात येतं," ती म्हणाली. "लाकूड पायजेल हुतं म्हनून तर माझी घाई केली नसंल?"

मी आत्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही पाहिलं नाही. तिनं तो बिघडलेला ढीग धोतरावरून खरवडून तोंडात टाकला आणि पुढची कुरडई घातली. चार वेढे, टोक आत. मी पुढचा गोळा भरून दिला. पण मी सतरा वर्षांची होते, माझं पुणं अकरा दिवसांवर बुडायला आलं होतं, आणि डोकं सशासारखं पळायला लागलं होतं.

"आत्या, बारशाला नाव कोण ठेवतं?"

"आत्या. दुसरं कोन?"

"माझं कुणी ठेवलं?"

"मीच. कानात कुर्र केलं तर माझ्या नाकावर लाथ मारली हुतीस."

"आणि झाडाला माझं नाव?"

"ते बी मीच दिलं. त्याच दिशी."

"मग आत्यानं दिलेलं नाव आत्याला परत काढून घेता येतं का? म्हणजे त्या झाडाचं काढून दुसऱ्या रोपाला द्यायचं. रीतसर. पाळण्यात घालून."

आत्यानं सोऱ्या खाली ठेवला. "वकिलीन हायस का गं तू?"

"आपल्यात असं कुणी केलेलं नाही, हे मला माहीत आहे. पण करू नये असंही कुणी सांगितलेलं नाही ना?"

तिनं वर फुलांकडे बघितलं. आई पळी हातात धरून तशीच उभी. वरून एक शेंग सुटली आणि पत्र्यावर खणखणत गेली. आणि आत्या हसायला लागली. आधी नुसतं पोट हललं, मग खांदे, मग बाज करकरायला लागली. "शैले," ती डोळे पुसत म्हणाली, "पल्याडच्या प्लाटात लिंबाची रोपं उगवल्यात. जा, एक घेऊन ये. मुळाला माती ऱ्हाऊ दे."

तिसऱ्या दिवशी आमच्याकडे बारसं झालं. आईला आधी लाज वाटली, मग तिनंच सगळ्यांपेक्षा उत्साहानं घुगऱ्या शिजवल्या. गल्लीतल्या सहा-सात बायका जरीच्या साड्या नेसून आल्या. आमचा जुना पाळणा माळ्यावरून काढला, त्यात वीतभर कडुलिंब, मुळाशी मातीचा गोळा, त्यावर माझं जुनं झबलं. बायकांनी पाळणा म्हटला, आणि खोटा खोटा नाही, चांगला सुरात. रोपाला पाळण्याच्या वरून-खालून इकडून तिकडे देताना थोडी माती सांडली तर एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, शू केली वाटतं." मग मोठाच प्रश्न उभा राहिला, की झाडाचा कान कोणता? कुणी म्हणे वरचं पान, कुणी म्हणे मूळ. अण्णा गंभीरपणे म्हणाले, खोडाचा मध्य काढावा. त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली, आणि नेमके त्याच क्षणी दारात नेवाशाचे मामा उभे.

लग्नाच्या याद्या करायला आले होते बिचारे. हातात नारळ. समोर काय, तर होणाऱ्या सुनेच्या घरी पाळणा सजलेला, बायका जमलेल्या, घुगऱ्यांचा वास, आणि पाळण्याची दोरी नवरीमुलीच्या हातात.

"बारसं?" मामांचा आवाज चिरकला. "कुनाचं?"

"झाडाचं," सुरेश म्हणाला.

मामा मटकन बसले. आत्यानं त्यांच्याकडे लक्षही दिलं नाही. ती पाळण्यावर वाकली, रोपाच्या सगळ्यात कोवळ्या पानाशी तोंड नेलं आणि चांगलं लांबलचक कुर्र केलं. बायका तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालायला लागल्या. "नाव सांगा, आत्याबाई, नाव सांगा!"

आत्या सरळ उभी राहिली. पदर सारखा केला.

"गया," ती म्हणाली.

पाळणा थांबला. कुठली गया? मी आईकडे बघितलं, आईनं अण्णांकडे. अण्णांच्या हातातून फूटपट्टी पडली. आणि मला कळलं, की हे त्यांच्या अक्काचं नाव आहे. कितीतरी वर्षांत त्या घरात कुणी ते उच्चारलं नव्हतं.

"अक्का, शैलाचं ठेवायचं होतं ना?"

"तिचं कशाला? तिच्या नावाचं आनखी एक लावू, उंद्या ते बी वाकडं व्हईल, मग तुमी पुन्याहून तिला वढून आनून लगीन लावाल. माझं लगीन होऊन गेलंय. नवरा बी गेला. माझ्या नावाचं झाड अडचन करायला लागलं की पाडा, कुनाला इचारायचं कारन न्हाई."

"आणि गुलमोहर?" मी विचारलं.

"त्याचं नाव मी सकाळीच काढून घेतलं. हळद-कुंकू लावलं, सांगितलं बाबा, पोरगी मोकळी, तू बी मोकळा. आता ते नुस्तं झाड हाय."

मामांना काहीच उमगेना. तेव्हा अण्णांनी, ज्यांना त्या खुर्च्यांचा दिवस सोडला तर कधी खोटं बोलता आलं नव्हतं, हात जोडून सगळं खरं सांगून टाकलं. झाड, ओळंबा, रेघ, खुर्च्या. "घाई झाडासाठी होती, मामा. मुलीला अजून शिकायचं आहे. मी तिला शब्द दिला होता. मला माफ करा."

मामा उठले. टोपी नीट केली. "म्हंजे, आमी काय कुऱ्हाड व्हय?" ते म्हणाले. "झाड पाडायला बलिवलं का आमाला?" रागानं त्यांच्या मिशा थरथरत होत्या. पण बारशाच्या घरातून रिकाम्या हातानं कुणाला जाऊ देत नाहीत, म्हणून आईनं त्यांच्या पुढे घुगऱ्यांचा द्रोण धरला. त्यांनी तो घेतला. फाटकापर्यंत जाईतो तोंड हलताना मला दिसलं. (त्या मुलाचं पुढे फार चांगलं झालं. एका लग्नात भेटला तेव्हा त्यानंच मला पुदिन्याच्या वाफ्याची आठवण करून दिली आणि आम्ही दोघं पंगतीत लाज सोडून हसलो.)

दुसऱ्या दिवशी सकाळी हमीदभाई दोर आणि दोन माणसं घेऊन आले. आत्यानं आपली पेटी स्वतःच्या हातानं आत आणली. हमीदभाईंनी "बिस्मिल्ला" म्हटलं, आत्यानं नारळ फोडला, आणि वरच्या फांद्या एकेक करून खाली यायला लागल्या. सगळी गल्ली भिंतीवर चढून बसली होती. फुलं अंगावर, डोक्यावर, नाकात. अण्णा खालून अंश सांगत होते आणि हमीदभाई "हां साहेब, हां साहेब" म्हणत स्वतःच्याच अंदाजानं दोर ओढत होते. शेवटी उरलं नुसतं खोड. ते करकरलं, थांबलं, पुन्हा करकरलं आणि खोलीकडे न जाता दोराच्या बाजूला आलं, पण येता येता त्यानं सुरेशच्या आंब्याची एक मोठी फांदी सोबत आणली.

"अण्णा!" सुरेश किंचाळला. "माझं लग्न व्हायचंय अजून!"

भिंतीवरच्या बायका हसून हसून खाली उतरल्या. आत्यानं तोंडाला पदर लावला. धूळ बसली तेव्हा हमीदभाईंनी आम्हाला बुंध्याजवळ बोलावलं. बाहेरून एवढं थोर झाड, आत काही नव्हतं. ओल्या भुशासारखं काहीतरी, त्यात पांढऱ्या अळ्या. आत्या वाकली आणि तिनं कोपरापर्यंत हात त्या पोकळीत घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीत तपकिरी भुगा होता. तिनं तो बोटांनी चुरडून बघितला, वास घेतला.

"आसं हुतं व्हय आत," ती म्हणाली.

मग तिनं हात झटकले, लुगड्याला पुसले आणि अण्णांकडे वळली.

"त्या पुन्याच्या फारमाचं काय झालं? कधी भरायचाय?"

अण्णा गडबडले. खिशात चष्मा शोधायला लागले. "उद्याची शेवटची तारीख आहे. पण आता एवढं सगळं आवरायचं पडलंय, फांद्या, लाकडं..."

"लाकडं कुठं पळून जात्यात?" आत्या म्हणाली. "एश्टी किती वाजता हाय ते सांग."